कंसातलं बोलणं

‘लिही,’ म्हणत तारळेकर मॅडमनी एक छोटा पांढरा बोर्ड आणि मार्कर माझ्यापुढे सरकवला. ‘मघापासून नुसती मान हलवते आहेस. मनात आलंय ते लिही.’

मी लिहिलं, ‘कशा आहात?’

‘बहिरी,’ मॅडम म्हणाल्या. ‘पुढचा प्रश्न.’

आपला आवाज किती मोठा लागतोय हे त्यांना कळत नव्हतं. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी दचकून आमच्याकडे पाहिलं. मला हसू आलं आणि लगेच भरूनही आलं. मेंदूज्वरातून मॅडम वाचल्या, पण दोन्ही कान गेले. डॉक्टरांनी आशा ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं होतं.

साताऱ्याच्या आमच्या पॉलिटेक्निकात मॅडमनी मला प्रोग्रामिंग शिकवलं. पहिल्या वर्षी मी नापास झाले आणि शिक्षण सोडून द्यायचं ठरवून घरी बसले, तेव्हा त्या आपण होऊन आमच्या घरी आल्या. बाबांना म्हणाल्या, ‘हिला येत नाही असं नाही. हिला विचारायची लाज वाटते. लाज काय, जाते.’ आईनं केलेले पोहे खाल्ले आणि मला दुसऱ्या दिवशी वर्गात यायला सांगून निघून गेल्या. पुढे पुण्यात मला चांगली नोकरी लागली, तिची सुरुवात त्या पोह्यांच्या बशीपाशी होती असं मी मानते.

‘घोरपडे सर मला परीक्षा विभागात बसवताहेत,’ मॅडम सांगायला लागल्या. घोरपडे सर म्हणजे प्राचार्य. ‘माणूस वाईट नाही. पगार तोच, त्रास कमी, असं लिहून दाखवलं मला. मी म्हटलं, सर, मी शिकवीन. ते म्हणाले, शिकवाल हो, पण मुलांनी प्रश्न विचारला तर? मी काय सांगणार? शेवटी एक तास घेऊन दाखवा म्हणाले. ते स्वतः बसणार आहेत. सोमवारी.’

‘मग?’ मी लिहिलं.

‘मग हे बघ.’

त्यांनी लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर एक साधा प्रोग्राम चालू केला. ना खिडक्या, ना बटणं. ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं, एवढंच. त्यांनी दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचे तुटक शब्द भराभर टाइप केले आणि खाली पूर्ण मराठी वाक्य उमटलं: ‘मॅडम, मला हे परत एकदा सांगाल का?’

‘नाव ठेवलंय लघु. आखूड लिहायचं, तो लांब करून देतो. दवाखान्यातून आल्यावर लिहिला. कुणीतरी वर्गात बसून मुलांचं बोलणं टाइप करायचं, मी वाचायचं आणि उत्तर द्यायचं. आता अडचण सांगते. हा चालतो या लॅपटॉपवर, आणि मी शिकवते हिंडत. एकेकाच्या पाठीशी उभं राहून त्याचं काय चुकतंय ते बघते. खुर्चीला बांधून शिकवायचं असतं तर मी बँकेत गेले असते. हे वाक्य माझ्या हातातल्या फोनवर आलं पाहिजे. ज्या क्षणी टाइप झालं त्या क्षणी.’

तेव्हा बोललेलं आपोआप मराठीत लिहून देणारं काही आमच्या हाताशी नव्हतं. मी लिहिलं, ‘नवीन करावं लागेल. सोमवारपर्यंत अवघड आहे.’

‘नवीन कशाला? तुम्हाला काय शिकवलं होतं मी? प्रोग्रामनं ओळ वाचावी, ओळ लिहावी. ती ओळ कुठून आली आणि पुढे कुठे गेली, याच्याशी त्याला देणंघेणं नसावं. लघु तसाच आहे. तू फक्त त्याच्या तोंडाला नळी लाव.’

नळी म्हटल्यावर माझ्या डोक्यात वेबसॉकेट आलं. साधं वेबपान म्हणजे पत्रव्यवहार: आपण मागायचं, मग समोरून येणार, की संपलं. वेबसॉकेट म्हणजे लावून ठेवलेला फोन. एकदा जोडला की तिकडून शब्द निघाला रे निघाला की इकडे पोचतो. आणि जगातल्या कुणा भल्या माणसानं एक छोटंसं साधन लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवलं होतं. त्याला कुठलाही काळ्या पडद्यावरचा प्रोग्राम द्यायचा, की ते त्याचा वेबसॉकेट सर्व्हर करून टाकायचं. प्रोग्राम जे छापेल ते जसंच्या तसं ब्राउझरमध्ये. प्रोग्रामला पत्ताही नसायचा की आपण जगाशी बोलतोय.

मी बोर्डवर चित्र काढलं. लघुनं छापलेली ओळ एका फाईलच्या शेवटी जाऊन पडेल. त्या फाईलच्या शेपटावर नजर ठेवणारी एक जुनी कमांड आहे, ती आलेली ओळ लगेच छापेल. तिचा सर्व्हर केला की फोनवरचं पान त्याला जोडायचं. इंटरनेटसुद्धा नको, लॅबमधला वाय-फाय पुरे.

मॅडमनी चित्र पाहिलं आणि माझ्या पाठीत एक धपका घातला. ‘आता टाइप करायला माणूस. माझी भाची बसणार होती, तिला औरंगाबादला नोकरी लागली.’

मी स्वतः बसून पाहिलं. मॅडम मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायला लागल्या आणि मी टाइप करायला. त्यांचा परिच्छेद संपला तेव्हा मी पहिल्या वाक्याच्या मध्यावर होते.

‘वत्सलाताई काय करतात हल्ली?’ मॅडमनी विचारलं.

वत्सला भिलारे म्हणजे माझी आई. जिल्हा न्यायालयात लघुलेखक होती. साक्षीदार रडो, वकील ओरडो, तिची बोटं चालत राहायची. निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी बाबा गेले. सकाळी अंघोळीला गेले आणि बाहेर आलेच नाहीत. तेव्हापासून आई ‘हो’, ‘नको’ आणि ‘असू दे’ याच्यापलीकडे बोलत नव्हती. रडतही नव्हती. मी दर शनिवारी पुण्याहून यायचे, शेवटी लांब रजा टाकून आले. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. स्वयंपाक करायची, जेवायची, खिडकीशी बसायची. मी काही विचारलं तर उत्तर द्यायची, पण तिनं मला काही विचारलं असं होत नव्हतं.

मी लिहिलं, ‘आई बोलत नाही. बाबा गेल्यापासून.’

मॅडमनी ते वाचून बोर्ड पुसला. ‘मग ठीक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मला तरी कुठे ऐकू येतंय?’

त्याच संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. आई खिडकीशी होती. मॅडम स्टूल ओढून तिच्या समोर बसल्या आणि इमारतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘वत्सलाताई, मी बहिरी झाले. तुम्ही बोलत नाही म्हणे. आपलं जमेल.’

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ‘नको’ म्हणेल आणि आत जाईल.

मॅडमनी सगळं सांगितलं. सोमवारचा तास, घोरपडे सर, लघु. आईचा चेहरा हलला नाही. दोघी समोरासमोर नुसत्या बसून राहिल्या. मी उगाच चहा टाकायला गेले. परत आले तर आईच्या हातात बोर्ड होता आणि वळणदार अक्षरात तिनं लिहिलं होतं, ‘शब्दशः पाहिजे की सारांश?’

‘शब्दशः,’ मॅडम म्हणाल्या. ‘शिव्यासुद्धा.’

रविवारी कॉलेज बंद होतं, पण मॅडमनी लॅबची किल्ली मिळवली. आईला लघुचे आखूड शब्द शिकवायला मला तासभर लागेल असं वाटलं होतं. तिनं यादीवरून नजर फिरवली, दोन-तीन शब्दांवर बोट ठेवून ‘हे बदल’ अशी खूण केली, आणि बसली. मी सगळी साखळी जोडली. मॅडम फोन घेऊन लॅबच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. मी मोठ्यानं बोलायला लागले, आई टाइप करायला लागली.

फोनवर काही येईना.

मी राउटर बंद करून चालू केला. माझा स्वतःचा फोन जोडून पाहिला, तोही कोरा. आई थांबली नाही. मी तोंडातल्या तोंडात जे पुटपुटत होते तेही ती टाइप करत असावी. आणि एकाएकी दोन्ही फोनवर ओळींचा ढीगच्या ढीग येऊन पडला. शेवटचं वाक्य अर्ध्यात तुटलेलं. पुन्हा सगळं शांत.

घरी लघु एकटा चालवला होता तेव्हा ओळीमागून ओळ नीट येत होती. मी ते साधन शिव्या देत काढलं, पुन्हा बसवलं. दुपार कलायला लागली. मी रडायच्या बेतात असताना मॅडम जवळ आल्या. ‘मला सांगणार आहेस की नाही? नापास झालीस तेव्हाही अशीच गप्प बसली होतीस.’

मी बोर्डवर लिहिलं, ‘एकटा चालतो. साखळीत जोडला की गप्प बसतो, मग सगळं एकदम ओकतो.’

मॅडम वाचताना हसायलाच लागल्या. ‘अगं, तो शहाणा झालाय! समोर माणसाचा पडदा असेल तर प्रत्येक ओळ लगेच देतो. समोर फाईल किंवा दुसरा प्रोग्राम आहे असं दिसलं की म्हणतो, कशाला सारख्या खेपा, साठवू या आणि भरलं की ओतू. त्याला बजावावं लागतं, बाबा, साठवू नकोस, आलं की दे. वर्षानुवर्षं मी हे फळ्यावर लिहिलं आणि स्वतःच्या प्रोग्रामात विसरले बघ.’

त्यांनी आईला बाजूला सरकवलं, लघुमध्ये एक ओळ घातली आणि तो परत चालू केला. आई पुन्हा बसली. माझ्या हातातल्या फोनवर, तिनं एंटर दाबल्या दाबल्या, अक्षरं उमटली: ‘साक्षीदार शपथेवर सांगते की आता चालते आहे.’

मी आईकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती, चेहरा तसाच. पण ही ओळ मी बोलले नव्हते.

सोमवारी सकाळी लॅब भरलेली होती. घोरपडे सर पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते. आई उजव्या कोपऱ्यात, लॅपटॉपमागे, तिच्या ठेवणीतल्या करड्या साडीत. कोर्टात महत्त्वाची साक्ष असली की ती हीच साडी नेसायची. मी मागच्या भिंतीशी उभी होते. माझ्या फोनवरही तेच पान उघडं होतं.

मॅडमनी शिकवायला सुरुवात केली. आवाज अजून मोठाच होता, पण शिकवणं तेच. फळ्यावर लिहिलं, समजावलं, मग वर्गाकडे वळून विचारलं, ‘कुणाला काही शंका?’

कुणी बोललं नाही. मॅडमनी हातातल्या फोनकडे पाहिलं. पान कोरं. त्या थांबल्या. घोरपडे सरांनी खुर्चीतल्या खुर्चीत जागा बदलली. मला कळेना, मुलं गप्प आहेत की नळी तुंबली आहे, हे मॅडमना कसं समजणार?

तेवढ्यात फोनवर एक ओळ आली. कंसात.

‘(सगळे गप्प आहेत. घाबरलेत. तुम्हाला नाही, सरांना.)’

मॅडमनी वाचलं. त्यांच्या गालाला खळी पडली. ‘सर,’ त्या म्हणाल्या, ‘जरा मागे बसता का? पोरं तुम्हाला घाबरताहेत.’

वर्गात खसखस पिकली. सरही हसले, खुर्ची उचलून माझ्याशेजारी येऊन बसले.

‘(हसले. सरसुद्धा.)’

मग रुबिना शिकलगार नावाच्या मुलीनं हात वर केला आणि प्रश्न विचारला. तिचं वाक्य संपता संपता मॅडमनी उत्तर द्यायला सुरुवात केली. मुलांमध्ये एक कुजबुज उठली, कौतुकाची. दुसरा हात वर झाला, मग तिसरा. मॅडम बाकांमधून हिंडायला लागल्या, एका हातात फोन, दुसऱ्या हातानं मुलांच्या पडद्यावरची चूक दाखवत.

मागून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, ‘काही पण विचार रे, म्हातारीला काय ऐकू येतंय.’

मी ऐकलं. घोरपडे सरांनीही ऐकलं. आईनं तर ऐकलंच. कोर्टात तिच्या कानाबद्दल वकिलांमध्ये दंतकथा होत्या. मी तिच्याकडे बघून मान हलवली: नको. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि बोटं चालवली. सगळं जसंच्या तसं आलं, कोण म्हणालं, कुठल्या बाकावर, आणि ‘म्हातारीला’ हा शब्दही.

मॅडम चालता चालता थांबल्या. त्या सावकाश त्या बाकाशी आल्या.

‘म्हातारी नाही रे,’ त्या म्हणाल्या. ‘निवृत्तीला अजून अवकाश आहे. आता तू म्हणालासच काही पण विचार, तर तूच विचार.’

मुलगा लालबुंद झाला. वर्ग हसत सुटला. पण मॅडम तिथून हलल्या नाहीत. त्याच्याकडे बघत, राग न धरता, वाट पाहत राहिल्या. शेवटी तो खाली मान घालून काहीतरी पुटपुटला. मला नीट ऐकू आलं नाही. फोनवर आलं: ‘मॅडम, सॉरी. मला पहिल्यापासूनच काही कळलेलं नाही.’ आणि खाली, कंसात: ‘(खरं बोलतोय.)’

मॅडम त्याच्या शेजारी बसल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं.

घोरपडे सर तास संपेपर्यंत थांबलेच नाहीत. उठताना माझ्या कानाशी वाकून म्हणाले, ‘तुमच्या आईंना रोज यायला जमेल का, विचाराल?’ आणि मॅडमकडे बघून दोन्ही हात जोडून बाहेर गेले.

मुलं पांगली. मी मागच्या बाकावर बसून राहिले. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या, पाठ आमच्याकडे. आई अजून लॅपटॉपमागेच होती. लॅबमध्ये कुणी बोलत नव्हतं, तरी कीबोर्डच्या कळांचा आवाज यायला लागला. मला वाटलं, ती काहीतरी आवरते आहे.

माझ्या फोनवर ओळ उमटली.

‘(त्या दिवशी पाणी मीच काढून दिलं होतं.)’

मग दुसरी.

‘(जास्त गरम आहे म्हणाले. मी म्हटलं, गार घाला की, हात नाहीत का?)’

‘(तेच शेवटचं बोलणं.)’

खिडकीशी मॅडमनी फोन वर उचलून धरला होता. त्या वळल्या नाहीत. वळल्या असत्या तर आई थांबली असती, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. कळा वाजत राहिल्या. आईची पाठ ताठ होती, बोटं कोर्टातल्यासारखी सपसप चालत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. वर्षभर मी ज्याची वाट बघत होते ते तिथे, त्या कोपऱ्यात, एकेक ओळ करत बाहेर येत होतं. माझ्याशी नव्हे. तिनं दार उघडलं होतं ते ऐकू न येणाऱ्या एका बाईसमोर, आणि मी त्या दाराच्या फटीशी उभी होते.

पुढची ओळ यायच्या आत मी पान बंद केलं. फोन पर्समध्ये टाकला आणि आवाज न करता बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या. मॅडमचे डोळे लाल होते. त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला होता. मला म्हणाल्या, ‘लघुनं सगळं त्या फाईलमध्ये साठवलं असेल ना? पुसून टाक. न वाचता.’

मी आत गेले आणि न वाचता पुसून टाकलं.

रिक्षात आई माझ्या शेजारी बसली होती, बाहेर बघत. पोवई नाक्यापाशी रिक्षा थांबली तेव्हा ती माझ्याकडे वळली. आवाज जरा घोगरा होता, बरेच दिवस न वापरलेला.

‘उद्या तास कितीला आहे गं?’

मी सांगितलं. मी तिचा हात धरून बसले, तिनं तो धरू दिला.

आई मॅडमच्या निवृत्तीपर्यंत रोज तासाला जात राहिली. कॉलेजनं तिला रीतसर नेमलं. मुलं तिला ‘कंसवाल्या काकू’ म्हणायची. मी पुण्याला परत गेले, लग्न झालं, बाळंतपणाला आले तेव्हा माझ्या कळा सुरू झाल्याची बातमी मॅडमना आधी कळली, माझ्या नवऱ्याला नंतर. मॅडमचे उपकार फिटायचे नाहीत, असं मी एकदा त्यांना बोर्डवर लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून खाली लिहिलं, ‘तुझ्या आईचे माझ्यावर. हिशेब करू नकोस.’ ज्यानं ते छोटं साधन लिहून जगासाठी फुकट ठेवलं, त्या अनोळखी माणसाला मी मेल पाठवली होती. तुम्हाला कल्पना नाही तुमच्या प्रोग्राममुळे साताऱ्यात काय घडलं, एवढंच लिहिलं. त्याचं उत्तर आलं: एक हसरा चेहरा.

परवा साताऱ्याला गेले होते. मॅडम आता ओठांवरून बोलणं ओळखतात. लॅपटॉप नाही, फोन नाही. संध्याकाळी दोघी गच्चीत खुर्च्या टाकून समोरासमोर बसतात आणि आई बोलते. भाजीवाल्यापासून हायकोर्टापर्यंत, थांबायचं नाव नाही. मी चहा घेऊन गेले तर मॅडम मला म्हणाल्या, ‘बघ, काय करून ठेवलंस.’ आणि फारच झालं तेव्हा त्यांनी सरळ डोळे मिटून घेतले. आई क्षणभर थांबली. मग तिनं त्यांचा हात धरून गदागदा हलवला, त्यांनी एक डोळा किलकिला केला, आणि तिनं पुढे सांगायला सुरुवात केली.